नक्षीचा कपडा घेताना आधी उलटी बाजू बघा

साधा पांढरा शर्ट घेताना आपण कापड चाचपतो, कॉलर वाकवून बघतो, शिवणीवरून बोट फिरवतो. तेच फुलाफुलांचा कुर्ता किंवा चौकटीचा शर्ट हातात आला की ‘रंग आवडला का’ एवढ्यावर निकाल लागतो. नजर अडकवणं हे नक्षीचं कामच आहे. विरळ वीण, तिरकी कापणी, एखादा तुटलेला धागा असलं सगळं गर्द छपाईखाली बिनबोभाट खपून जातं. पण दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे हीच नक्षी शिवणाऱ्याची चहाडी करते, आणि उलट्या बाजूला कापड बनवणाऱ्याची. साध्या कपड्यात जे कळायला जाणकार लागतो, ते नक्षीच्या कपड्यात नवख्यालाही दिसतं. कुठे बघायचं ते माहीत हवं.

हे सगळं लक्ष्मी रोडवर चालतं, हिंदमाताला चालतं, हातमागाच्या प्रदर्शनातही चालतं. सोबत फार काही नको: एक पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा टॉर्च.

पहिली पायरी: नक्षी आली कुठून?

कपडा हातात घेतला की आधी उलटा करा. दुकानदार सुलटी बाजूच पसरून दाखवणार, ते त्याचं काम. उलट्या बाजूवरून नक्षी कापडात कशी आली ते कळतं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावरच ठरतात. ढोबळमानाने चार प्रकार. कापड तयार झाल्यावर वरून छापलेली नक्षी. रंगीत धाग्यांनी विणतानाच आलेली नक्षी. धागा किंवा कापड बांधून रंगवलेली नक्षी, म्हणजे इकत, पटोला, बांधणी. आणि कापडावर चिकटवलेली किंवा टाके घालून काढलेली नक्षी, म्हणजे फॉइल, टी-शर्टवरचं रबरी चित्र, भरतकाम.

उलट्या बाजूला रंग फिका किंवा जवळजवळ पांढरा असेल तर छपाई. दोन्ही बाजूंना रंग सारखाच असेल तर बहुतेक वेळा विणलेली किंवा बांधून रंगवलेली. मागे धागेच धागे लोंबत असतील तर जॅकार्ड, म्हणजे विणतानाच काढलेली गुंतागुंतीची नक्षी, किंवा भरतकाम. कच्छच्या अजरख या ठशांच्या छपाईत काही कारागीर दोन्ही बाजूंनी ठसे मारतात, आणि तिथे हा नियम मोडतो. पण असं कापड विकणारा ते न विचारता सांगतो, कारण त्याची किंमतच त्या मेहनतीची असते.

छपाई म्हणजे हलकं आणि विणकाम म्हणजे भारी, असं मात्र काही नाही. चांगली छापलेली सुती साडी वाईट विणलेल्या जॅकार्डपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकते. फसगत होते ती छापलेल्याला विणलेल्याचे पैसे देताना.

छापील कापड: रंग आत मुरलाय की वर बसलाय

छापलेल्या भागावरून आणि शेजारच्या कोऱ्या भागावरून बोट फिरवा. छापलेला भाग कडक किंवा किंचित खरखरीत लागला तर ती बहुधा पिगमेंट छपाई. तिच्यात रंगाचे कण चिकट द्रव्याच्या मदतीने कापडाच्या पृष्ठभागावर बसवलेले असतात. स्वस्त चादरी आणि रोजच्या गाऊनसाठी ती ठीक आहे. पण घडीच्या रेषांवर आणि घासल्या जाणाऱ्या जागी ती आधी विटते. रिअॅक्टिव्ह रंगांची छपाई सुती किंवा रेयॉनच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडते. त्यामुळे छापलेला आणि कोरा भाग हाताला सारखाच मऊ लागतो आणि उलट्या बाजूलाही रंग बऱ्यापैकी उतरलेला दिसतो.

आता रुमाल काढा. आधी कोरडाच रुमाल बोटाला गुंडाळून सर्वांत गडद रंगावर आठ-दहा वेळा घासा. मग कोपरा ओला करून पुन्हा घासा. गडद लाल, नेव्ही निळा आणि काळा हे तीन रंग नेहमीचे गुन्हेगार. कापडाच्या प्रयोगशाळेतही चाचणी याच धर्तीची असते. पांढऱ्या कापडावर किती रंग उतरला ते पाहून १ ते ५ श्रेणी देतात, त्यात ५ सर्वांत चांगली. ओल्या रुमालावर पुसटशी छटा आली तर चालेल. ठळक डाग पडला तर तो कपडा पांढऱ्या पार्श्वभूमीचा आहे का ते बघा. असेल तर ठेवून द्या, कारण तो स्वतःच स्वतःला खराब करणार. ‘पहिल्या धुण्यात मीठ टाका, रंग पक्का होतो’ असं हमखास सांगितलं जातं. मीठ रंगवताना उपयोगी पडतं. तयार कपड्याचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.

एक अपवाद खऱ्या निळीचा. नैसर्गिक निळीत रंगवलेलं नवं कापड थोडा हात निळा करतंच. जादा बसलेली नीळ सुरुवातीच्या धुण्यांत निघून जाते. तेव्हा दाबू (चिखलाने काही भाग झाकून रंगवलेलं) किंवा निळीचं कापड असेल तर रुमालावरच्या हलक्या निळ्या छटेला घाबरू नका. शेजारच्या पांढऱ्या नक्षीत निळेपणा पसरलेला नाही ना, एवढं बघा.

रेयॉनच्या कुर्त्यांवर हल्ली सोनेरी खडीची, म्हणजे चिकट द्रव्यात चमकी मिसळून केलेली, छपाई फार असते. अंगठ्याने जोरात घासून बघा. अंगठ्यावर चमक आली तर तेवढी चमक प्रत्येक धुण्यात जाणार. फॉइल असेल तर कापड हलकं ताणा. फॉइलला भेगा दिसल्या की समजून जा.

पॉलिस्टरवर उष्णतेने चित्र उतरवतात, त्याला सब्लिमेशन म्हणतात. रंग धाग्यात शिरतो, म्हणून तो धुण्यात जात नाही, ही जमेची बाजू. पण शिवलेल्या टी-शर्टवर ही छपाई केली असेल तर काखेत आणि शिवणीच्या घडीत रंग पोहोचत नाही आणि तिथे पांढरे ओरखडे राहतात. बाही वर करून काख बघितल्याशिवाय असा टी-शर्ट घेऊ नये. ताणणाऱ्या कापडावरची कोणतीही छपाई, लेगिंग असो वा स्पोर्ट्स ब्रा, घेण्याआधी दोन्ही हातांनी ताणायची. ताणल्यावर खालचा पांढरा दिसला तर अंगावर चढल्यावरही तसाच दिसेल, आणि तोही गुडघ्यावर आणि मांडीवर.

हाताचा ठसा ओळखायचा असेल तर चूक शोधा

‘हँडब्लॉक’ या शब्दावर बाजारात जितकी फेकाफेक चालते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर चालत असेल. त्यामुळे इथे जरा थांबू.

लाकडी ठसा कारागीर हाताने उचलतो, रंगात बुडवतो, कापडावर ठेवतो आणि मुठीने ठोकतो. राजस्थानात बागरूला आणि सांगानेरला, मध्य प्रदेशातल्या बाघ गावी, कच्छमधल्या अजरखपूरला, आंध्रात मछलीपट्टणजवळच्या पेडणाला, सगळीकडे मूळ क्रिया हीच. हाताने होत असल्यामुळे दोन ठशांच्या सांध्यावर रेष थोडी जाड होते किंवा केसभर फट राहते. एका ठिकाणी लाल रंग बाह्यरेषेच्या बाहेर सरकलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी तोच लाल बरोबर बसलेला असतो. रंगाचा दाबही कमीजास्त होतो.

ही ‘चूक’ लोकांना आवडते, हे छपाईच्या कारखान्यांनाही कळलेलं आहे. म्हणून स्क्रीनवर आणि डिजिटल छपाईतही मुद्दाम सरकलेला रंग, तुटलेली रेष असलेली डिझाइनं येतात. यावर उपाय सोपा आहे. एक चूक शोधा. समजा एका पानाचं टोक तुटलंय. आता पुढच्या ओळींत तेच पान शोधत जा. पान हललेलं असेल, चूक बदललेली असेल, तर ते हाताचं काम. तेच टोक, तसंच तुटलेलं, ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा भेटलं आणि सगळे रंगही दर वेळी तेवढेच सरकलेले असले, तर ती यंत्राची छपाई. यंत्राच्या रोटरी स्क्रीन छपाईत फिरत्या जाळीदार नळीतून रंग उतरतो, आणि नेहमीच्या नळीचा घेर ६४ सेंटिमीटर असतो. म्हणून त्या छपाईत नक्षी ६४ सेंटिमीटरवर, किंवा त्याला पूर्ण भाग जाईल अशा अंतरावर, तंतोतंत परत येते. तीन वितींच्या आसपास मोजून बघा. ठशातच एखादी कायमची खोट असेल तर ती हाताच्या छपाईतही परत येईल, पण तेव्हा बाकीचे रंग त्याच जागी सरकलेले नसतील.

जागा माहीत असली की कापड वाचणं सोपं जातं. सांगानेरी म्हणजे साधारणपणे पांढरी किंवा फिकी जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, आणि नाजूक फुलं. बागरूची जमीन मळकट पिवळसर, रंग काळा-लाल, आणि दाबू काम. अजरख म्हणजे निळा, गडद लाल, काळा आणि पांढरा, भौमितिक जाळी. अजरखचं कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून, छापून, रंगवून, धुऊन अशा अनेक फेऱ्यांतून जातं. यात पाण्याचा फार वाटा. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्याचा गुण बदलला, तेव्हा तिथले खत्री समाजातले अनेक कारागीर उठून भुजजवळ नव्याने वसलेल्या अजरखपूरला गेले. इतक्या फेऱ्या झालेलं कापड चारशे-पाचशेच्या तयार कुर्त्यात मिळेल, ही अपेक्षा कोणी ठेवू नये. तिथे मिळते ती अजरखच्या चित्राची छपाई. आवडली तर घ्यावी, त्या भावात.

विणलेली नक्षी: धागा ओढून बघा

चौकटी आणि पट्टे दोन तऱ्हांनी येतात. रंगीत सूत विणून किंवा साध्या कापडावर छापून. कापडाच्या कापलेल्या कडेचा एक धागा ओढून काढा. तयार शर्ट असेल तर आतल्या शिवणीत एखादा सुटा धागा सापडतोच. विणलेल्या चौकटीत तो एक धागा टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाचा असतो. छापलेल्या चौकटीत तोच धागा मध्येच निळा, मध्येच पांढरा दिसतो. शर्टसाठी मी तरी विणलेली चौकटच घेईन. कॉलरची घडी झिजली तरी तिचा रंग तोच राहतो, छापील कॉलर झिजली की पांढरी पडते.

जॅकार्ड, ब्रोकेड, बनारसी यांत मागची बाजू म्हणजे हिशेबाची वही. मागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत लांबच लांब मोकळे धागे पसरले असतील तर ते बांगडीत, अंगठीत, जोडव्यात अडकणार. म्हणून असे धागे मागून कापून टाकतात, आणि त्या कापलेल्या टोकांची झालर उलट्या बाजूला दिसते. झालर आखूड आणि घट्ट असेल तर ठीक. टोक बोटाने ओढल्यावर सहज निसटत असेल तर काही दिवसांनी बुट्टीही निसटेल. बनारसीत कढवा काम असेल तर प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असते आणि मागे बुट्ट्यांच्या मध्ये काहीच लोंबत नाही. त्याला वेळ लागतो आणि पैसेही.

पैठणीची परीक्षा याहून सोपी, कारण तिथे उलटी-सुलटी हा भेद जवळजवळ नसतोच. येवल्याची किंवा पैठणची हातमागाची पैठणी घ्या, पदरावरचा बांगडीमोर किंवा आसावली (फुलांची वेल) मागून बघा. समोर दिसतो तसाच मोर मागेही दिसला पाहिजे, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो. मागे धाग्यांचं जंगल किंवा कापलेली झालर दिसली तर ती बहुधा यंत्रमागाची. बाजारात तिलाच ‘सेमी पैठणी’ म्हणतात. सेमी पैठणी नेसू नये असं मी म्हणत नाही, लग्नाच्या गर्दीत ती बिनघोर नेसता येते. फक्त दहा-वीस हजार मोजताना मागून मोर बघावा. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे ठराविक भागातल्या मालाची अधिकृत ओळख, मिळाला आहे, त्याबद्दल विचारायलाही संकोच नको.

खणाचंही तेच. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणजे अरुंद पन्ह्याचं, विणलेल्या बारीक नक्षीचं कापड. नक्षी उठावदार असते आणि मागे तिचं उलटं रूप दिसतं. खणाची नक्षी नुसती छापलेलं मोठ्या पन्ह्याचं कापडही आता सर्रास मिळतं, आणि तयार ब्लाउज किंवा पिशवीत ते पटकन लक्षात येत नाही. अस्तर वर करून मागची बाजू बघा.

इकत, पटोला, बांधणी

इकतमध्ये धागा विणण्याआधीच बांधून रंगवतात. विणताना रंगाच्या कडा एकमेकींत थोड्या घुसतात आणि नक्षीला पिसासारखी धूसर कड येते. ही धूसर कड दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. ‘इकत प्रिंट’मध्ये समोर धूसर कड छापलेली असते, मागे फिका धुरळा. तेलंगणाची पोचमपल्ली, ओडिशाची संबलपुरी, गुजरातमधल्या पाटणचा पटोला, सगळीकडे ही कसोटी चालते. पाटणच्या पटोल्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे रंगवून नक्षी जुळवावी लागते, एका साडीला महिने लागतात. त्यामुळे तो रस्त्यावरच्या सेलमध्ये भेटणार नाही. ‘पटोला’ म्हणून तिथे मिळणारी साडी एकतर छापील असते किंवा साध्या, म्हणजे एकाच दिशेच्या, इकतची.

बांधणी बोटांनी ओळखता येते. गाठी सोडल्यावर कापडावर बारीक सुरकुत्या उभ्या राहतात, ठिपके जरा वेडेवाकडे असतात, आणि बऱ्याचदा ठिपक्याच्या मध्यभागी रंगाचा छोटा बिंदू असतो. म्हणूनच काही दुकानांत बांधणी गाठींसकट ठेवलेली असते आणि गिऱ्हाइकासमोर ओढून उघडतात. सपाट कापड आणि सगळे ठिपके एकाच मापाचे म्हणजे छपाई. खोट्या बांधणीत सुरकुत्याही दाबून आणतात, म्हणून फक्त सुरकुत्यांवर विसंबू नका. ठिपके बघा.

खालचं कापड कसं आहे?

आता नक्षी विसरा. कापड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. विणीत पातळ-जाड पट्टे, बारीक भोकं, सुटलेले धागे दिसतील. गडद छपाईच्या कपड्यात हे फक्त मागून उजेड टाकल्यावरच दिसतं.

मग एक कोपरा दोन्ही हातांत धरून चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा कापड चोळलेल्या जागी एकदम मऊ पडलं तर खळ भरपूर आहे. खळ धुऊन गेली की कुर्ता पोतेऱ्यासारखा लोळेल. सुती कापडाच्या दुकानात ‘साठ-साठ कॅम्ब्रिक’ असं ऐकाल. म्हणजे उभं आणि आडवं दोन्ही सूत साठ नंबरचं, आणि नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. रेयॉनच्या घाऊक बाजारात ‘१४ किलो’ म्हणतात, म्हणजे १०० मीटर कापडाचं वजन १४ किलो. यापेक्षा बरंच हलकं रेयॉन असेल तर कुर्ता पारदर्शक होतो आणि धुतल्यावर जास्त आटतो. किरकोळ विक्रेत्याला हे आकडे माहीत नसले तरी दोन कुर्ते दोन हातांत धरून वजनाचा अंदाज घेता येतोच.

सॅटिन, जॉर्जेट, आर्ट सिल्क असेल तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड धरून हलकं ओढा. टाके तसेच राहून धागे बाजूला सरकले आणि फट दिसली तर तो कपडा बसताना पाठीवर फाटणार, शिवण कितीही पक्की असो. ही खोट दुरुस्त होत नाही.

नक्षी सरळ आहे का

कपडा उभ्या घडीत दुमडा, शिवणीवर शिवण ठेवून. आडवे पट्टे घडीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आले पाहिजेत. पट्टा मध्यभागी खाली झुकून धनुष्यासारखा दिसत असेल किंवा एका बाजूला उतरत असेल, तर गिरणीत कापड ताणून वाळवताना वाकडं झालंय. छापील कापडात कधी वीण सरळ आणि छपाई तिरकी असते. हे वाईट, कारण शिंपी नक्षी सरळ धरून कापतो आणि वीण तिरकी जाते. धुतल्यावर कापड आपल्या विणीप्रमाणे सरळ व्हायला बघतं आणि कुर्त्याची बाजूची शिवण पोटावर येते. टी-शर्टची शिवण पुढे फिरलेली तुम्ही पाहिलीच असेल, तिथेही पिळलेलं विणकामच बऱ्याचदा कारण असतं.

जोड बघा, म्हणजे शिवणारा कळेल

चौकट किंवा पट्टे जुळवून कापायला जादा कापड लागतं आणि जादा वेळही. कारखान्यात कापडाची बचत हाच नफा. त्यामुळे नक्षी जुळलेली असेल तर बाकीच्या गोष्टींतही कंजुषी झाली नसण्याची शक्यता बरीच. शर्टमध्ये मी या क्रमाने बघतो.

बटणं लावून बटणपट्टी बघा. आडवी रेघ एका बाजूकडून दुसरीकडे न तुटता गेली पाहिजे. हे सर्वांत सोपं काम आहे, इथेच चुकलं असेल तर पुढे बघायची गरज नाही. मग खिसा. तो शर्टवर आहे हे नजरेला पटकन कळू नये इतका जुळलेला असावा. काही ब्रँड खिसा मुद्दाम तिरक्या चौकटीत कापतात. ती कधी रचना असते, कधी जुळवण्याचे कष्ट टाळण्याची पळवाट, आणि दोन्ही चालतं. कॉलरची दोन्ही टोकं आरशात एकमेकींसारखी दिसायला हवीत. एका टोकावर निळा पट्टा आणि दुसऱ्यावर पांढरा, असं असेल तर चेहऱ्याजवळ ते रोज खुपेल. दोन्ही कफांवर पट्टा एकाच ठिकाणी आहे का तेही एकदा बघून घ्या. शेवटी छातीच्या उंचीवर बाही पुढच्या बाजूला मुंढ्याशी जुळते का, आणि बाजूच्या शिवणीवर आडव्या रेघा भेटतात का.

सगळंच जुळावं असा हट्टही धरू नका. मुंढ्याच्या वरच्या आणि मागच्या भागात बाही थोडी सैल बसवावी लागते, तिथे चौकट जुळूच शकत नाही. खांद्याच्या उतारावर उभे पट्टे तिरके भेटणारच. उत्तम शिंप्याच्या हातूनही हे टळत नाही.

कुर्त्यात आणि ड्रेसमध्ये मोठ्या नक्षीची जागा बघायची. मोठं फूल छातीवर नेमकं नको तिथे आलंय का? गळ्याच्या मध्याशी बुट्टीची ओळ मध्यभागी आहे की दोन बोटं सरकलेली? कळीदार कुर्त्यात प्रत्येक कळी वेगळी कापलेली असते, तिथे नक्षी अखंड जुळण्याची अपेक्षा नको, पण डावी आणि उजवी कळी एकमेकींची जोड वाटली पाहिजे. आणि हत्ती, मोर, झाड, घोडे अशी डोकं-पाय असलेली नक्षी असेल तर मागचा भाग आणि बाह्या बघा. कापड वाचवण्यासाठी तुकडा उलटा लावलेला असतो आणि पाठीवर मोर शीर्षासन करतात. खांद्याला शिवण नसलेल्या काफ्तानात तर एका बाजूला नक्षी उलटी येणारच, म्हणून तिथे अशी नक्षी घेऊच नये.

मग आत बघा. शिवणीच्या आत किमान बोटभर मार्जिन आहे का, कडा ओवरलॉक केल्यात का, टाके बारीक आणि एकसारखे आहेत का. नक्षी भरगच्च असल्यामुळे बाहेरून टाके दिसत नाहीत, आणि म्हणूनच इथे हात आखडता घेतला जातो.

लेबल, नावं आणि ऑनलाइन खरेदी

‘अजरख प्रिंट’, ‘इकत प्रिंट’, ‘बांधणी प्रिंट’ यात शेवटचा शब्द खरा. ‘आर्ट सिल्क’मधलं आर्ट म्हणजे कलेचं नव्हे, कृत्रिम. ‘कॉटन ब्लेंड’ लिहून टक्के दिले नसतील तर कापसाचं प्रमाण लिहिण्यासारखं नाही असंच धरून चाला. शुद्ध रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क. सिल्क मार्क फक्त रेशमाची हमी देतो, हातमागाची नाही. हँडलूम मार्क हातमागाची देतो, तो धागा रेशीम आहे असं सांगत नाही. रेशमी हातमागाची साडी घेताना दोन्हीबद्दल विचारा. खुणेचं लेबल साडीला नीट जोडलेलं हवं, गल्ल्याच्या ड्रॉवरमधून काढून दिलेलं नको.

ऑनलाइन घेताना आधी उलट्या बाजूचा फोटो आहे का ते बघा. नसेल तर विक्रेत्याला मागा. प्रदर्शनात विकणारे आणि समाजमाध्यमावरचे छोटे विक्रेते तो बहुतेक वेळा पाठवतात, आणि टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच. मॉडेलच्या फोटोवर विसंबू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो मोठे करून बटणपट्टी आणि बाजूची शिवण बघा. ‘नक्षीची जागा थोडी वेगळी असू शकते’ ही ओळ मोठ्या फुलांच्या कपड्याला लिहिली असेल तर ती गांभीर्याने घ्या, छोट्या बुट्टीला तिने काही बिघडत नाही.

दुकानातले दिवे रंग खोटे दाखवतात, म्हणून कपडा दारापाशी उजेडात न्या. कुर्ता, सलवार आणि ओढणी असा संच असेल तर तिन्ही शेजारी धरून बघा. वेगवेगळ्या घाण्यात रंगवलेले तुकडे आत ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात वेगळे दिसतात. मग आरशापासून सहा-सात फूट मागे सरका. बारीक नक्षी त्या अंतरावरून एकरंगी होते, आणि काही बारीक काळ्या-पांढऱ्या चौकटी तर डोळ्यांपुढे नुसत्या थरथरतात.

घरी आणल्यावर टॅग काढण्याआधी आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघता येतो. कापूस आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांनी चुरडला जातो.

कापड घेऊन शिवणार असाल तर

चौकट किंवा मोठी नक्षी असेल तर नेहमीच्या मापावर जादा कापड घ्यावं लागतं. किती, ते नक्षी किती अंतरावर परत येते त्यावर ठरतं. बारीक चौकटीला जवळजवळ काहीच नको, मोठ्या चौकटीच्या शर्टाला पाव ते अर्धा मीटर जास्त धरा, आणि ओंजळीएवढ्या फुलांचा अनारकली असेल तर कापड घेण्याआधीच शिंप्याला नक्षीचा फोटो पाठवून विचारा. सुती आणि रेयॉन कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. शिंप्याकडे देताना तोंडी सांगून भागत नाही. कापडावर खडूने बाण काढून वरची दिशा दाखवा, खिसा जुळवून हवा की तिरका ते लिहून द्या, आणि गळ्याच्या मध्यावर कोणती बुट्टी यायला हवी तिथे टाचणी लावा. कापण्याआधी हे बोलणं झालं नाही तर नंतर बोलून काही उपयोग नाही, आणि जादा कापड शिंप्याच्या चिंध्यांत जाईल ते वेगळंच.